ठिपक्यापाशी थांबलेले काका

काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "अगं, काका गेले... चहा घेता घेता," एवढंच म्हणाल्या. नामपल्लीहून विद्यानगरला येताना रिक्षावाल्यानं विचारलं, "कहाँ उतरना, अम्मा?" आणि रोज जिथं परत येते त्या गल्लीचं नावच मला आठवेना.

वसंतकाका माझे घरमालक. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या हैदराबादचं. सगळे सरकारी नोकरीतले. काका स्वतः वीज खात्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेले. मराठी बोलता बोलता मधेच हैदराबादी "हौ" आणि "नक्को" म्हणायचे. मी उदगीरकडची, नववीत शाळा सुटलेली. डेटा एन्ट्री करत, मोबाइलवर बघून बघून कोड लिहायला शिकले होते. एका लहान कंपनीनं "महिनाभर बघू" म्हणून घेतलं आणि ग्रंथालयांसाठीचा एक ओपन सोर्स प्रोग्राम हातात दिला. ओपन सोर्स म्हणजे कुठकुठल्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणालाही उघडून बघता येणारा. त्यात परत आलेलं पुस्तक कधीकधी अजून वाचकाकडेच असल्याचं दिसायचं. ते का, एवढं शोधायचं होतं. जमलं तर नोकरी, नाहीतर उदगीरची बस. घरी स्थळं बघून ठेवलेलीच होती.

पण तो प्रोग्राम केवढा... फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून आत डोकावायला डीबगर असतो; त्या ओळीसमोर लाल ठिपका ठेवायचा. मी ठिपका ठेवायची, आणि प्रोग्राम हात दाखवूनही न थांबणाऱ्या बससारखा निघून जायचा. डीबगर पुन्हा बसवला, सेटिंग बदलली, काही नाही. शेवटी मनात पक्कं झालं, दोष आपल्या डोक्यात आहे. नववीचं डोकं ते. खोली सोडते असं सांगायला खाली उतरले.

काका गवार मोडत बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खोलीचं नंतर. आधी ते मशीन आण खाली." हात पुसले आणि माझ्या फाइलच्या मधोमध टाइप केलं, गवार.

"अहो काका, मोडंल ना सगळं!"

"मोडूच दे की. चालव."

प्रोग्राम मजेत चालला. काका खुर्चीत मागे रेलून हसले. "मोडला नाही, म्हणजे ही फाइल चालतच नाही! तू ज्या घराची कडी वाजवतीस ना पोरी, तिथं कुणी राहतच नाही."

खरंच होतं. सुरुवातीला नुसता बघायला म्हणून मी तयार प्रोग्राम बसवला होता, आणि चालत होता तोच. ठिपके मात्र मी दुसऱ्याच फोल्डरातल्या प्रतीत ठेवत होते. तो आधी बसवलेला प्रोग्राम काढून टाकला, माझ्या प्रतीतली गवार पुसली, आणि तीच चालवली. प्रोग्राम ठिपक्यावर येऊन गप्प उभा राहिला... आणि मला रडूच फुटलं.

"आता रडतीस कायकू? थांबला ना?" काकू म्हणाल्या.

"थांबला म्हणूनच रडतीय ती," काका म्हणाले. "डोकं ठीक आहे तुझं. पत्ता चुकला होता, बस."

खरी चूक सापडायला पुढं बरेच दिवस गेले, पण सापडली, नोकरी टिकली. काकांनी तोच प्रोग्राम आपल्या जुन्या लॅपटॉपवर घेतला. "आता तू मला शिकव," म्हणायचे. ऑफिसातून मी पडलेल्या चेहऱ्यानं आले की जिन्यापाशीच प्रश्न यायचा, "गवार टाकून बघितलीस का?" आता जिना चढताना उगाच पायरीवर थांबते...

तेराव्यानंतर काकूंनी तो लॅपटॉप वर आणून दिला. "घे बाई. मला काय कळतंय त्यातलं." बरेच दिवस उघडला नाही. मग एका रविवारी चहा घेऊन बसले आणि त्यातला तो प्रोग्राम चालवला. थोडा पुढं गेला आणि थांबला. मी कधीच न बघितलेल्या एका ओळीसमोर काकांचा लाल ठिपका होता. तिथं त्यांना काय बघायचं होतं, मला अजून कळलेलं नाही. विचारायला खाली जावं म्हणून मी उठलेसुद्धा.

ठिपका काढायचा तर एक क्लिक पुरे. मी काढलेला नाही. रोज चालवते, रोज तो तिथं येऊन थांबतो. पुढं जायचं बटण समोरच असतं. चहा गार होईपर्यंत मी ते दाबत नाही.