उंबऱ्यावर पाय

बेंगळूरच्या नव्या मेट्रो स्टेशनात आम्ही फलाटाच्या कडेला काचेची दारं बसवत होतो. गाडी येऊन थांबल्यावरच ती उघडतात, म्हणजे माणूस रुळावर पडत नाही. प्रत्येक दाराखाली एक पोलादी पट्टी. इंजिनियर तिला काहीही म्हणो, आम्हा भालकीकडच्या चौघांना तो उंबराच वाटायचा, आणि उंबऱ्यावर पाय कोण देतं? महिनोन् महिने जड काचा उचलून आम्ही ती पट्टी ओलांडतच राहिलो. गुडघे गेले कामातून.

शेवटी तपासणीच्या दिवशी इंजिनियर म्हणाला, "एकेका पट्टीवर उभं राहा. कुठं वाजते का बघू." आम्हा चौघांपैकी कुणी पाय उचलेना. मग मीच चिडून पहिल्या पट्टीवर चढलो. हात आपोआप कपाळाला गेला. दुसऱ्या दाराला गेला, तिसऱ्याला गेला. संध्याकाळ झाली तरी दारं संपेनात, आणि हात कधीचा वर जायचा थांबला होता.

काम संपल्यावर सुट्टीला भालकीला आलो. प्रवासानं अंग आंबलेलं. घराच्या दारात पिशवी ठेवून बूट काढायला वाकलो, तर बहीण ओरडली, "अण्णा, उंबऱ्यावर हुबा ऱ्हायलास कामून?"

खाली बघितलं. खरंच होतं.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंबऱ्यावर कुणाचा पाय नुसता लागला तरी फणकारणारी बाई ती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बहिणीला म्हणाली, "असू दे. बसू दे त्याला तिथंच."

मी बसलो.