ताप न चढणारं घर

पाहुणे यायचे म्हणून आईने धाकट्या बहिणीला मागच्या खोलीत निजवलं आणि दार ओढून घेतलं. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्या दिवशी तिचे गुडघे ठणकत होते. मला संताप आला, पण ते मलाच बघायला येत होते, म्हणून दात-ओठ खात पोहे परतत राहिले.

मी ‘हाफ’ आहे, म्हणजे मला आजार नाही, रक्तात अर्धा दोष आहे. सालेकसाच्या आमच्या जंगलपट्टीत हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या माणसं नेली. हा अर्धा दोष असलेली जास्त वाचली, म्हणून दोष टिकला. हिवतापाचे जंतूही गप्प बसले नाहीत, जुन्या गोळ्यांना दाद देईनासे झाले. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी हे समजावलं आणि वर मला नशीबवान म्हणाल्या. बहीण शेजारीच बसली होती. तिला तोच दोष आई आणि बाबा दोघांकडून आला. आग लागो असल्या नशिबाला. आता मच्छरदाण्या आल्या, हिवताप कितीतरी कमी झाला, तिचं दुखणं मात्र तसूभर हललं नाही.

पाहुण्यांत मुलाचा मामा बोलका. धानाची शेती सांगून झाली, मोहाची झाडं सांगून झाली, मग गडी घराण्याच्या तब्येतीवर आला.

“आमच्या घरी हिवताप चढतच नाही कोणाले. रक्तच कडक आहे आमचं.”

बाबा खुशीत मान डोलवत होते. मला शिबिरातलं बोलणं आठवलं, हिवताप चढत नाही म्हणजे यांच्याही रक्तात अर्धा दोष असू शकतो. चहा खाली ठेवून मी मुलाला विचारलं, “तुमची सिकलसेलची तपासणी झाली का जी?”

मामा भडकला. धडधाकट भाच्याला रोगी ठरवते म्हणाला. मी सांगितलं, मीही धडधाकटच आहे. पण दोघंही हाफ निघालो तर पोराला पूर्ण आजार होऊ शकतो.

“होऊ शकते म्हणजे होईनच असं थोडी आहे. एवढी कायले भेऊन राहिली?”

मागचं दार उघडलं. बहीण भिंत धरत आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“मामाजी, ते ‘होऊ शकते’ म्हणजे मी.”

मामाने भाच्याला दंडाला धरून उठवलं. ते गेल्यावर आई रडत ओरडली ती बहिणीवरच, बाहेर आलीच कायले म्हणून. मामाचा राग माझ्या मनातून केव्हाच गेला. आईचा अजून आहे.