आईच्या आंघोळीचा नंबर

दादा, आईला घेऊन मी गाव सोडलं त्या दिवशी तू ओट्यावरून खाली उतरला नाहीस. टेम्पोत आईची ट्रंक चढली, गोधड्या चढल्या. आईनं तांब्याच्या बंबाकडं बघितलं, तर तू म्हणालास, "बंब हितल्या घराचा हाय, तो हितंच ऱ्हाईल. अन् काय गं, तुझ्या त्या खुराड्यात आईला कढत पाणी तरी मिळंल का?" धारूरचा घाट उतरून बीडला येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

कढत पाण्याची भाषा तू करावीस? लाज कशी वाटली नाही रे? पहाटे उठून तुराट्या मोडायची आई. फुंकणीनं जाळ फुलवायची आई, धुरानं डोळे लाल व्हायचे आईचे. आणि आंघोळी? आबा होते तोवर आधी आबा, मग तू, मग तुझी पोरं, मग वहिनी. जो तो वरून गार पाणी ओतून खालून कढत काढून घ्यायचा. आईचा नंबर यायचा तेव्हा बंबात नुसतं कोमट पाणी आणि खाली राख. "मला चालतंय की," एवढंच म्हणायची. तुम्हा सगळ्यांना ते खरंच वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

म्हणून इथं आल्यावर मी हट्टाला पेटले. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, बाल्कनी नाही, बाथरूम एवढंसं की बादली ठेवली की माणूस भिंतीला टेकतो. गिझर बसवून देणारे गफारचाचा आले, बघितलं आणि म्हणाले, "बेटा, गॅसवाला इसमें नक्को, हवा कोंडती. पंधरा लिटरचा बिजलीवाला घ्या. एकाची आंघोळ झाली की थोडं थांबायचं, बस. बोअरचं पाणी खारं हाय, सालातून एकदा खोलून साफ करून देतो." पण मला थांबायचं नव्हतं. नळ सोडला की धो धो कढत पाणी, हे तुझ्या कानावर घालायचं होतं मला. चाचांनी नाही म्हटलं, तर दुसऱ्याकडून गॅसचा बसवून घेतला. वर झरोका आहे ना, म्हटलं, झालं तर.

आईनं दुसऱ्याच दिवशी झरोक्यात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला. समोरच्या बिल्डिंगीतून दिसतंय म्हणाली. गावच्या न्हाणीला वरून आभाळ होतं, धूर कुठं जातो याचा विचार तिनं जन्मात केला नव्हता. आणि सवय तीच. आधी जावई, मग मी, शेवटी ती. दोघांच्या आंघोळी होईस्तोवर त्या कोंडलेल्या मोरीत गॅसच्या जाळाचा जो विषारी वायू साठला होता, तो ना दिसत होता ना त्याला वास होता.

एका सकाळी मी डबा भरत होते. नळ वाहत होता, पण तांब्याचा आवाज येईना. "आई?" उत्तर नाही. "आई गं!" ह्यांनी लाथ घातली, कडी तुटली. आई भिंतीला रेलून बसलेली, मान कलंडलेली.

वाचली. दवाखान्यात नाकाला ऑक्सिजन लावला होता. तू आलास आणि तिचा हातसुद्धा धरायच्या आधी चारचौघांत ओरडलास, "सांगितलं हुतं न्हवं? लेकीच्या घरी मरायला आणली! चल आई, गावाला." मी मान खाली घातली. चूक माझीच होती, कुठल्या तोंडानं बोलू? वाटलं, आता ही जाणार.

आईनं नळी बाजूला केली. "कावून येऊ, कशाला?" म्हणाली. "तुज्या न्हाणीत मागल्या साली पडले हुते. ऊन डोक्यावर आलं तरी कुनी हाक मारली न्हाई. आपलीच उठले. हितं लेकी-जावयानं दार मोडलं."

तू पाठ फिरवून सरळ गावाची एसटी धरलीस. तेव्हापासून फोनही केला नाहीस. बरंच झालं.

आता चाचांनीच पंधरा लिटरचा बसवलाय. बोळा काढला, झरोक्याला नुसती जाळी लावली. कडी मी परत बसवू दिली नाही. रोज सकाळी आमचं भांडण ठरलेलं. ती म्हणते, "आदी जावयाला जाऊ दी, त्यांना कामाला जायचंय." मी म्हणते, गुमान आत जा. आतून बडबडत राहायचं, हाही माझा नियम. मग ती शिव्या घालते. मला, गिझरला, अधूनमधून तुलाही.

गाव विचारलं तर मी अजून धारूरकडचंच सांगते. पण तुझ्या ओट्याला आता मी घर म्हणणार नाही. बंब तुझ्याकडंच ठेव, दादा. इथं पहिली आंघोळ आईची असते. आजच आतून ओरडत होती, "अगं लई कढत हाय, भाजलं की मेले!" पाणी गरम आहे म्हणून आईनं केलेली तक्रार मी जन्मात पहिल्यांदा ऐकली.