निरोप्या

जेवणाच्या टेबलावर मुक्ताची वही उघडी पडली होती. आमची ही कॉलेजातली लेक ज्या ऑनलाइन खेळात जादूगार, योद्धे आणि जखमा भरून काढणारे वैद्य घेऊन लढते, त्यात नवी पात्रं कोणती असावीत, ते ती खेळ बनवणाऱ्यांना कळवणार होती. चहा पिता पिता मी गंमत म्हणून वाचायला घेतलं.

'वैद्याचा नवा प्रकार : निरोप्या. हत्यार नाही. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन राक्षसांच्या मध्ये उभा राहतो. एकाचा निरोप दुसऱ्याकडे नेताना त्यातलं विष काढून घेतो. ते त्याच्याच अंगात साठत जातं.'

चहा खाली ठेवून मी तेच पुन्हा वाचलं.

आमच्या घरात कधी आवाज चढला नाही, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. आम्ही नवराबायको फक्त अबोला धरायचो. अबोला किती सभ्य वाटतो. शेजाऱ्यांनाही पत्ता लागत नाही. 'आईला सांग, मी जेवणार नाही.' 'बाबांना सांग, गॅस संपलाय.' सहा वर्षांची मुक्ता स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात पळत असायची. एकदा येऊन म्हणाली, "आई म्हणतेय, थालीपीठ गार होतंय, ये." तेवढ्यावर माझा आठ दिवसांचा राग उतरला होता.

वही घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. बायकोला विचारलं, "मुक्ता लहान असताना, त्या आठ दिवसांच्या अबोल्यात, थालीपीठ खायला मला तूच बोलावलं होतंस ना?"

"मी कशाला बोलावू?" ती म्हणाली. "तूच मागितलंस, असं मुक्ता सांगत आली, म्हणून तर लावलं."