चार मतांचा शब्द

आमच्या गाडीत आम्ही पाच जण असतो, पाचही एकाच गावचे. गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, राहायला इंटरनॅशनल सिटी, कामाला अल कुसैस. सकाळ-संध्याकाळ दुबईच्या ट्रॅफिकमध्ये बसून आम्ही गावचं राजकारण चालवतो.

त्या संध्याकाळी राज्यसभेचा निकाल होता. राज्यसभेला आपण मत देत नाही, आपले आमदार देतात. तरी मी मोबाईलवर बातम्या लावून बसलो होतो, कारण आमचा आमदार म्हणजे माझा माणूस. मागच्या विधानसभेआधी तो दुबईला आला, तेव्हा अख्ख्या गाववाल्यांसमोर मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, "माझ्या घरची चार मतं तुझी." आमच्याकडे रीतच आहे. पुरुष इकडे, मतं तिकडे. मतदानाच्या आदल्या दिवशी इकडून फोन जातो आणि कुठलं बटण दाबायचं ते घरच्या बायकांना सांगितलं जातं. मीही सांगितलं. आई "बरं" म्हणाली. तो निवडून आला आणि तेव्हापासून गाडीतली पुढची सीट न मागता माझी झाली.

आणि आता मोबाईलवरची बाई सांगत होती, की माझ्या माणसाने समोरच्या पक्षाच्या उमेदवाराला मत दिलं. तेही लपूनछपून नव्हे. या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पेटीत टाकायच्या आधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. पठ्ठ्याने ती दाखवली आणि मग टाकली!

  ज्याच्यासाठी मी शब्द टाकला त्याने दिवसाढवळ्या तोंडाला काळं फासलं होतं, त्याच्या नाही, माझ्या.

"हबीबी, तुझा माणूस खलास!" मागून एक जण म्हणाला. "चार वोट दिये थे ना? अब भुगतो."

खोलीवर पोचताच मी घरी फोन लावला. राग कुणावर तरी काढायलाच हवा होता. आईने उचलला.

"बघितलंस? आपण ज्याला निवडून दिला त्याने काय केलं ते?"

"आपण कुठे दिला?" आई म्हणाली. "आम्ही त्याला मत दिलंच नाही."

मी खाटेवर बसलो. आधी वाटलं, म्हातारी विसरली. पण तिला सगळं आठवत होतं. "त्याआधीही पाच वर्षं आमदार होताच की तो. नळ आला का आपल्या वाडीत? एप्रिलात हंडे माझ्या सुना वाहतात. तू वाहतोस काय?"

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तू विचारलंस कधी? तू सांगायचास, मी बरं म्हणायची."

मी बायकोला फोन द्यायला सांगितलं. माझी बायको माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही. मला खात्री होती, निदान तिने तरी माझा शब्द राखला असेल.

"तुमचा फोन झाला की आम्ही चौघी बसून ठरवतो," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या अम्मी, दोघी जावा आणि मी."

"कधीपासून?"

"माझं लग्न झालं तेव्हापासून."

आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. मला संताप आला आणि त्याच्या मागोमाग लाज वाटली. सतरा वर्षांत मी चार मतांच्या जोरावर किती जणांना शब्द दिले, किती ठिकाणी मिशीला पीळ दिला, ते सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मागून आईचा आवाज आला. तीही बातम्या बघत होती.

"त्या आमदारांना म्हणे मत दाखवून टाकावं लागतं. बिचारे. आमचं बरं, आम्हाला कुणाला दाखवावं लागत नाही."

सकाळी मी मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसलो. "यल्ला, चला" म्हणत चालवणाऱ्याने गाडी काढली आणि टोमणे सुरू झाले. "काय, चार मतांचे मालक?" "गद्दाराला निवडून कोणी दिला?" मी पहिल्या सिग्नलपर्यंत सोसलं. मग राहवलं नाही.

"माझ्या घरचं एकही मत त्याला नव्हतं," मी म्हणालो, आणि काय घडलं ते सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं होतं, हसून हसून लोळतील. कुणीच हसलं नाही. गाडी चालवणाऱ्याच्या घरी सहा मतं आहेत. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मीपण तोच फोन केला होता," तो म्हणाला. "आज घरी विचारून बघू काय?"

 अल कुसैसला उतरताना बाकीच्यांनी आपापले मोबाईल खिशात टाकले. त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही घरी फोन केला नाही.