घरातली एकच आई

आमच्या घरात आई एकच होती आणि ती माझी आजी. जिच्या पोटी मी जन्मले तिला मी वहिनी म्हणायचे.

यात विशेष काही नव्हतं. धायरी तेव्हा गाव होतं आणि आमच्याकडे एका चुलीवर अकरा माणसं जेवत. वडील आणि दोन्ही काका आजीला आई म्हणायचे, काका माझ्या आईला वहिनी म्हणायचे, आणि मी आणि माझा भाऊ कानावर पडेल ते उचलत गेलो. शेजारच्या घरात आईला बाई म्हणत, त्यांच्या पलीकडे आक्का, वरच्या आळीत आये. कोणी कोणाला दुरुस्त करत नसे. इथेही मी तिला वहिनीच लिहिणार आहे. दुसरं काही लिहिलं तर कोणाबद्दल लिहितेय ते माझं मलाच कळायचं नाही.

पाचवीला मला शहरातल्या शाळेत घातलं. डबा खाताना मी म्हणाले, भाजी वहिनीने केली आहे, आई स्वयंपाकघरात येत नाही. बाकावरच्या मुलीने सगळं नीट समजून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वडील तुझे भाऊ का गं?" ती हसलीसुद्धा नाही. शहरात असं न हसता विचारतात.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी जाऊन "आई, भूक लागली" असं वहिनीला म्हणाले. आजी उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती.

"आई हितं एकच हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. वहिनीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि भाकरी उलटली. नंतर गोठ्यात मला गाठून म्हणाली, "परत तसं म्हणू नगंस. समदं मला ऐकावं लागतं." मी परत म्हणाले नाही. चाळीस वर्षं.

आजीचे शेवटचे चार महिने नाकातल्या नळीवर गेले. आजी नळी उपसून काढायची, म्हणून हात मऊ फडक्याने खाटेला बांधावे लागत. बांधायची वहिनी, पेज गाळून नळीत ओतायची वहिनी, आणि आजीला तोंडाने बोलता येत होतं तोवर शिव्याही वहिनीनेच खाल्ल्या. आजीचं तेरावं झाल्यावर ती मला म्हणाली, "माझ्या नाकात असलं काय घालू द्यायचं न्हाई. तू बघायचं. तुझ्या भावाच्यानं हुणार न्हाई." मी बरं म्हणाले. तेव्हा बरं म्हणायला काही लागलं नाही.

वहिनीला पक्षाघात झाला तेव्हा ती पंच्याहत्तरीला आली होती. डावी बाजू गेली, उजवा हात हलत होता, डोळे मिटलेले. मी विश्रांतवाडीहून रोज सकाळी दवाखान्यात यायचे आणि भाऊ दुपारी धायरीहून यायचा. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गिळण्याची ताकद आहे, पण त्या प्रतिसाद देत नाहीत. चमच्याने पाणी दिलं तर तोंडातच ठेवतात. संध्याकाळपर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर नळी घालू.

म्हणजे माझ्याकडे एक दिवस होता.

बायकांचा वॉर्ड होता. सगळीकडे हाका चाललेल्या. खिडकीपाशी मम्मी, दारापाशी आये. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची मुलगी हडपसरहून यायची, ती "अम्मी, अम्मी" म्हणत तिच्या तळहाताला तेल चोळायची. वॉर्डातल्या मावशी यवतमाळकडच्या. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या मायला आवाज द्या ना जी. लेकराचा आवाज ओळखते माय."

मी दिला. वहिनी, अहो वहिनी, वहिनी पाणी घ्या. पापणीसुद्धा हलली नाही. दिरांनी, जावेने, दूधवाल्याने, अख्ख्या आळीने तिला हीच हाक मारली होती. त्यात माझी एक.

दुपारपर्यंत हेच चाललं. भाऊ आला, त्यानेही तेच केलं. मग शेजारची मुलगी म्हणाली, "ताई, राग मानू नका. या तुमच्या आई ना? मग आई म्हणून हाक मारा की एकदा."

मी वाकले आणि तिच्या कानाशी म्हणाले, "आई."

तिने डोळे उघडले. तीन दिवसांत पहिल्यांदा. शेजारची मुलगी "बघा, म्हणलं नव्हतं" असं म्हणायला लागली आणि मध्येच थांबली. कारण वहिनीचा उजवा हात उठून डोक्याकडे गेला होता आणि तिथे काहीतरी शोधत होता. अंगात दवाखान्याचा गाऊन होता. पदर नव्हता. हात कपाळापासून मानेपर्यंत दोनदा फिरला. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या मागे दाराकडे पाहत होती. जीभ जड झालेली, पण आम्हा दोघांना कळेल असं म्हणाली, "आले आई. आलेच."

भाऊ म्हणाला, "म्हातारीला शोधतीय ती."

मला ते कळलं होतं. घड्याळात साडेतीन वाजले होते. मी चमचा भरला, कंबर सरळ केली आणि आजी ज्या सुरात बोलायची त्या सुरात, घरच्या भाषेत म्हणाले, "थोरले, पाणी घे."

थोरली सून म्हणून आजी तिला थोरले म्हणायची, दुसरं काही कधी म्हणालीच नाही. वहिनीने तोंड उघडलं. पाणी आत गेलं, गळा हलला. मी दुसरा चमचा भरला.

भावाने मला बाहेर ओढलं. "त्या बाईच्या तावडीतनं इतक्या वर्षांनी सुटली होती. पुन्यांदा तिच्याच हातात देतीस?"

"मग नळी घालू?"

त्याने जिन्याकडे तोंड फिरवलं.

"घालायची असेल तर सही तू कर," मी म्हणाले. "हातही तूच बांध."

त्याने सही केली नाही. त्या दिवसापासून तो जेवणाच्या वेळी जिन्यात जाऊन उभा राहायचा.

अकरा दिवस मी तिला तसंच भरवलं. थोरले, तोंड उघड. थोरले, सांडू नगंस. डॉक्टर खूश होते. नळीचा विषय निघाला नाही. प्रत्येक वेळी तिचा हात डोक्याकडे जायचा. मावशींनी एक जुनी ओढणी आणून डोक्याला गुंडाळून दिली, मग जरा कमी झालं. मधल्या वेळात ती डोळे मिटून पडून असे. मी कोण, हे तिने एकदाही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगून तिने ऐकलं असतं तर पुढचा चमचा कोण देणार होतं?

दहाव्या दिवशी खिमटीचे दोन चमचे गेल्यावर ती म्हणाली, "धुणं वाळत घालायचं ऱ्हायलंय, आई."

मी दमले होते. म्हणाले, "राहू दे. तू पड."

तिने डोळे पूर्ण उघडून माझ्या तोंडाकडे पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. तिला भीती वाटली हे स्पष्ट दिसत होतं. आजी असं कधी बोलली नव्हती, आणि ही समोर बसलेली कोण, हे तिला उमगत नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटले. तिसरा चमचा ओठांवर आपटून हनुवटीवर ओघळला. चौथाही.

मी तिचं तोंड पुसलं. तिथेच तिला सांगता आलं असतं की मी आहे, तुझी मुलगी. वाटीत अजून अर्धी खिमट होती.

"मग आवरून घाल," मी म्हणाले. "आधी हे गिळ, थोरले. किती येळ लावतीस?"

तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन चमचे घेतले, तसेच. दुपारी गेली. नाकात काही नव्हतं.