अपू सियोनचं रिकामं ताट

अपू सियोननं जिचं ताट परत धाडलं नाही अशी सुगरण आमच्या गावात नव्हती. देव अशी आजी वैऱ्याच्या घरातही न देवो. एक नंबरची नाकानं कांदे सोलणारी! एका फिएस्टाच्या सणाला मेयरच्या घरून तिला मानाने कमारू आले, तर बाईनं एक तोंडात टाकला नि वाटी परत दिली. "व्हिनेगर कच्चं राहिलंय. आधी उकळायला शिका म्हणावं, मग मतं मागायला या."

ते कमारू माझेच होते. मी तेच विकते. नांगरलेल्या खाचरात पाणी सोडलं की मातीत बोगदे करून बसलेले हे किडे जीव मुठीत धरून वर येतात आणि आम्ही बायका त्यांना गोळा करतो. बेडूकही माझ्याकडेच मिळतात. त्यामुळे कुणाच्या चुलीवर काय शिजतंय नि कुणाच्या पोटात काय जळतंय, दोन्ही मला कळतं. मेदिंगची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिली आहे, कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

आत्ची मेदिंग अपूची सून. मला ती थोरल्या बहिणीसारखी, म्हणून आत्ची. तिचा नवरा अबुंदियो काविळीनं गेला. हसरा माणूस होता, आईपुढे, त्याच्या इमापुढे, मात्र मांजर. शेवटच्या दिवशी त्यानं मेदिंगचा हात धरून उशाशी ठेवलेल्या क्रूसावर टेकवला आणि म्हणाला, "इमाला दुसरं कुणी नाही. ती तुझं ताट नाकारत नाही तोवर तिला सोडू नकोस. ज्या दिवशी नाकारेल, त्या दिवशी तू मोकळी." आणि त्या तशा अवस्थेत गड्यानं मला डोळा मारला! मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी होते. मेदिंग रडता रडता हसली. का नाही हसणार? लग्न होऊन आल्यापासून तिची निम्मी ताटं परत आलेली. आठवडा काही जायचा नाही, असं आम्हा दोघींना वाटलं. बिचाऱ्यानं जाता जाता बायकोची बेडी सैल करून ठेवली, असंच मी गावभर सांगितलं.

त्याला पुरल्यापासून अपूनं एकही ताट नाकारलं नाही.

आधी आम्हाला वाटलं, पोराच्या दुःखानं म्हातारी निवळली. मग वर्ष गेलं, आणखी वर्षं गेली. ताट जायचं आणि चाटूनपुसून परत यायचं. मेदिंग बाजाराला आली तरी तिचा अर्धा जीव घराकडे, कारण दुपारचं ताट तिच्याच हातचं जायला हवं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला ती चर्चपर्यंत गेली आणि जेवणावळीआधी परतली. "जरा बस की गं," म्हटलं तर म्हणायची, "इमा वाट बघत असेल." त्या घराचं दार सताड उघडं असायचं, पण मेदिंगला काही ते ओलांडता येत नव्हतं.

त्यात आला कोया तेम्योंग, म्हणजे तेम्योंगदादा. बेतिस गावचा सुतार, लाकडात वेली कोरणारा. आमच्या देवळाचं, म्हणजे चर्चचं, दार करायला आला आणि मेदिंगनं भरलेला बेडूक खाऊन इथेच घुटमळत राहिला. बोलायला मुखदुर्बळ, पण एक दिवस माझ्या टोपलीपाशी येऊन म्हणाला, "बिनिंग, त्यांना सांग, दार झालं. रविवारी मी दक्षिणेला मोठ्या कामावर चाललोय, परत यायचा नाही. त्यांनी यावं. पाद्रीबाबांशी लग्नाचं बोललोय मी."

मी धावत जाऊन सांगितलं. मेदिंग कमारूंचे पंख नि पाय खुडत बसली होती. तिचे हात थांबले. "मला जायचंय गं," ती म्हणाली, इतक्या हळू की मलाच रडू आलं.

"मग जा! चल!"

"शब्द दिलाय."

"मग म्हातारीला नाकारायला लाव. असं काहीतरी रांध की कुत्रं हुंगणार नाही."

आमच्याकडे बाईला शिवी देण्यापेक्षा तिच्या हाताला चव नाही म्हणणं वाईट. मुद्दाम वाईट रांधायचं म्हणजे मेदिंगला स्वतःच्याच तोंडाला काळं फासण्यासारखं. तरी तिनं केलं. त्या दिवशी तिनं उरलेल्या किड्यांचे पंख-पाय खुडलेच नाहीत. लसूण करपू दिला. व्हिनेगर कच्चंच ओतलं. कढई हलवताना तिची मान खाली होती, जणू चोरी करतेय. अपूनं ताट घेतलं. एक पाय तिच्या कवळीत अडकला, तो तिनं बोटानं काढला, आणि सगळं खाल्लं. "छान कुरकुरीत झालेत," म्हणाली.

मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी मेदिंगनं बेडूक सोलले, पोटात डुकराचा खिमा भरला आणि मिठाच्या जागी मूठभर साखर घातली. मी एक तुकडा चाखला नि अंगणात जाऊन थुंकले. अपू मात्र सावकाश चावत होती. हाडं बाजूला काढून ठेवत होती. शेवटी बोट चाटून म्हणाली, "आज मीठ अगदी बरोबर पडलंय."

मला आधी हसू फुटलं. मग मेदिंगचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं.

"इमा," मेदिंग म्हणाली, "मीठ नव्हतं. साखर होती."

म्हातारीनं ताट स्वतःकडे ओढलं.

"कधीपासून कळत नाही तुम्हाला?"

"अबुंदियोला पुरून आलो नि मला ताप भरला, तेव्हापासून," अपू ताटाकडे बघत म्हणाली. "सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं."

"मग ओरपता कशाला एवढं?" मी भडकलेच. "पोट आहे का कोठार?"

"तू तोंड मिट, बेडूकवाले! मी दाराआड उभी होते तेव्हा. पोराचा आवाज बारीक झाला होता, माझे कान नव्हते गेले." मग सुनेकडे वळली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "चव असती तरी खाल्लं असतं. माती वाढली असतीस तरी खाल्लं असतं. तू गेल्यावर मला कोण आहे?"

मेदिंग तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. "मग एकदा नाकारा. एकदाच. मी हात जोडते, इमा. तेम्योंग रविवारी जातोय."

अपूनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "उद्या," म्हणाली. "उद्या नाकारते."

उद्या ताट रिकामं आलं. परवाही आलं.

मी मेदिंगला शिव्या घालायच्या बाकी ठेवल्या नाहीत. "अगं, ती फसवतेय! फसवून घेतलेला शब्द मोडला तर कसलं पाप?"

"शब्द अबुंदियोला दिलाय," ती म्हणाली. "लबाडी इमाची आहे. तिच्या लबाडीनं माझा शब्द कसा मोडेल?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत.

रविवारी सकाळी अपूला ताप चढला. मेदिंगनं आल्याच्या रश्श्यात बेडूक शिजवला, मऊ भात केला, आणि बरं का, मीठ बरोबर घातलं. तेम्योंग देवळापाशी ट्रायसिकलच्या रिक्षात बसला होता, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन. मी अपूच्या खोलीत मेदिंगच्या मागे उभी होते. म्हातारीनं चार घास घेतले. पाचवा घशाखाली उतरेना. डोळ्यांत पाणी आलं, चमचा पडला, रस्सा अंगावर सांडला. तिनं ताटाकडे पाहिलं, मग मेदिंगकडे.

"थांब," ती म्हणाली. "खाते. थोडं थांब. खाते मी."

पुन्हा चमचा उचलला नि पुन्हा तो खाली पडला. शेवटी तिनं हातानं ताट दूर सारलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नाकारलं!" मी ओरडले. "आत्ची, नाकारलं! मी पाहिलंय, मी साक्षीला! ऊठ, चपला घाल!"

बाहेर ट्रायसिकलचा भोंगा वाजला. मेदिंग उठली नाही. ती म्हातारीच्या पाठीकडे बघत होती. उशीवर ओला डाग पसरत चालला होता आणि म्हातारीनं मागे हात करून सुनेच्या झग्याचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मेदिंगनं ताट स्वतःच्या मांडीवर ओढलं, चमचा उचलला आणि उरलेला भात खायला लागली. रडत होती आणि गिळत होती. रस्सा प्याली. ताटाच्या कडेचं शीतही बोटानं टिपून घेतलं.

"अगं ए बये, काय करतेस?"

"ताट रिकामं आहे, इमा," ती म्हणाली. "बघा. तुम्ही सगळं खाल्लंत."

मी तिच्या अंगावर काय काय ओरडले ते आता आठवत नाही. पाय आपटत देवळापाशी गेले. तेम्योंगनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "नाकारलं?"

"नाही," म्हटलं. "ताट संपलं."

त्यानं स्वतः केलेल्या त्या दाराकडे पाहिलं, मग चालकाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गाडी गेली.

संध्याकाळी मेदिंग माझ्या टोपलीपाशी आली. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. मी रागानं भांडंभर कमारू तिच्यापुढे ओतले. तिनं एक उचलून उजेडात धरला, उलटसुलट करून पाहिला.

"ताजे आहेत ना गं?" तिनं विचारलं. "इमाला शिळे चालत नाहीत."